काळी माती, गोठणारे पाणी आणि रस्त्याचे आयुष्य

बेळगाव शहर सोडून उत्तरेकडे निपाणीच्या दिशेने निघालेल्या प्रवाशाला सुमारे पाऊणशे किलोमीटरच्या अंतरात जमिनीचे रंग बदलताना दिसतात. बेळगावच्या आसपास आणि खानापूरच्या बाजूला जांभ्या खडकाची तांबडी भूमी आहे. संकेश्वर ओलांडून तवंदीचा घाट उतरला की वेदगंगा व दूधगंगा यांच्या खोऱ्यातील काळी, कसदार जमीन लागते. निपाणीची तंबाखू आणि चिकोडी, हुक्केरी भागातील ऊस यांची भरभराट याच काळ्या मातीवर झालेली आहे. शेतकरी तिला काळी आई म्हणतो, ते यथार्थच होय. परंतु शेताला समृद्धी देणारी ही माती रस्त्याला मात्र फारशी मानवत नाही.

या भागातील ग्रामीण रस्त्यांची एक तक्रार वर्षानुवर्षे ऐकू येते. उन्हाळ्यात डांबरीकरण झालेला रस्ता पहिल्या पावसाळ्यात टिकतो. पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी त्याच्या कडेने लांबच लांब भेगा पडतात, मध्येच तो उंचसखल होतो आणि दिवाळीच्या सुमारास खड्ड्यांनी भरून जातो. नेमक्या त्याच वेळी साखर कारखान्यांचे गाळप सुरू होते. तोडलेला ऊस शेतात किंवा वाटेत जितका रेंगाळेल, तितके त्याचे वजन घटते व साखरेचा उतारा कमी होतो. रस्ता खचून उसाची गाडी अडकली, तर नुकसान केवळ गाडीवानाचे होत नाही. ते शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टांचे होते. आजारी माणसाला दवाखान्यात आणि मुलांना शाळेत नेणारी वाटही तीच असते.

अशा वेळी दोष बहुधा डांबराला किंवा खडीला दिला जातो. कामातील उणिवा हे काही ठिकाणी कारण असेलही. परंतु निकृष्टपणाची शंका बाजूला ठेवली तरी एक मूलभूत प्रश्न उरतो. रस्ता ज्या जमिनीवर उभा आहे, ती जमीनच वर्षातून एकदा वर उचलली जात असेल आणि एकदा खाली बसत असेल, तर वरचा थर कितीही चांगला असला तरी तो किती काळ टिकेल? या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध अभ्यास प्रथम ज्या प्रदेशांत मोठ्या प्रमाणावर झाला, तेथे काळी माती नव्हती. तेथे बर्फ होते.

शीत प्रदेशांतील रस्त्यांचा प्रश्न

उत्तर अमेरिका, युरोपचा उत्तर भाग, रशिया, तिबेटचे पठार तसेच आपल्या देशातील लडाख, लाहौल-स्पिती या प्रदेशांत हिवाळ्यात जमिनीतील पाणी गोठते. बेळगावकरांना ही गोष्ट अगदीच परकी नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे प्रशिक्षण केंद्र बेळगावात असल्यामुळे येथे घडलेल्या अनेक जवानांनी हिमालयातील सीमेवर सेवा बजावली आहे, आणि तेथील रस्ते हिवाळ्यात कसे बंद पडतात व वसंतात कसे उखडतात याच्या हकिकती या भागातील घराघरांत पोहोचलेल्या आहेत. या प्रदेशांतील रस्ते बांधण्यासाठी व खुले ठेवण्यासाठी १९६० साली सीमा सडक संघटनेची स्थापना झाली. रोहतांग खिंडीखालून जाणारा ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी वाहतुकीस खुला झाला, तो याच प्रयत्नांचा एक टप्पा होय.

थंड प्रदेशातील रस्ता हिवाळ्यात वर उचलला जातो, हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी प्रसरण पावते, म्हणून जमीन फुगते, असा सर्वसामान्य समज होता. हा समज अपुरा आहे हे एका विद्यापीठीय प्रयोगाने दाखवून दिले. दक्षिण कॅरोलायना विद्यापीठातील भूशास्त्रज्ञ स्टीफन टेबर यांनी १९२९ व १९३० मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी मातीत पाण्याऐवजी बेंझीन हा द्रव वापरला. बेंझीन गोठताना प्रसरण पावत नाही, उलट आकुंचन पावते. तरीही बेंझीनने भिजविलेली माती गोठताना वर उचलली गेली.

याचा अर्थ स्पष्ट होता. जमीन उचलली जाते ती केवळ जागच्या पाण्याच्या प्रसरणामुळे नव्हे. गोठणाऱ्या थराकडे खालून आणखी पाणी ओढले जाते. दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे हे पाणी मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढते आणि तेथे बर्फाचे पातळ, आडवे थर साचत जातात. प्रत्येक थर वरचा रस्ता थोडाथोडा उचलतो. वाळूत छिद्रे मोठी असल्याने पाणी फारसे चढत नाही. अगदी घट्ट चिकणमातीत ते फार सावकाश चढते. सर्वांत जास्त उपद्रव होतो तो बारीक गाळवट मातीत.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील आर्थर कॅसाग्रांडे यांनी १९३१ मध्ये या ज्ञानाला व्यवहारात वापरता येईल असे रूप दिले. लहानमोठ्या कणांच्या मिश्र मातीत ०.०२ मिलिमीटरपेक्षा बारीक कणांचे प्रमाण ३ टक्क्यांहून अधिक असेल, तर ती माती दंवाने उचलली जाण्याची शक्यता धरावी, असा त्यांचा नियम होता. मातीचा एक नमुना घेऊन, चाळून व तपासून रस्त्याचे भवितव्य आधी ओळखता येऊ लागले. कॅसाग्रांडे यांनी सुधारलेले, मातीची द्रवसीमा मोजण्याचे पितळी वाटीचे उपकरण आजही आपल्याकडील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या मृदा प्रयोगशाळांत वापरले जाते.

दुबळा महिना आणि जड गाडी

शीत प्रदेशातील संशोधनाचा पुढचा निष्कर्ष सीमाभागाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. रस्त्याचे खरे नुकसान हिवाळ्यात होत नाही; ते वसंतात होते. हिवाळ्यात गोठलेली जमीन दगडासारखी कठीण असते. वसंतात बर्फ वरून वितळू लागते, पण खालचा थर अद्याप गोठलेलाच असतो. त्यामुळे वितळलेले पाणी खाली झिरपू शकत नाही. रस्त्याखाली अक्षरशः चिखल होतो, आणि त्याच स्थितीत वरून जड वाहने गेली की डांबरी थर तडकतो.

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ओटावा या गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांची फार मोठी चाचणी घेण्यात आली. वेगवेगळ्या जाडीचे रस्ते बांधून त्यांवरून ठरावीक वजनाच्या मालमोटारी सतत चालविण्यात आल्या. यांतील डांबरी तुकड्यांचे बरेचसे नुकसान वसंतातील वितळणीच्या काळात झाले. याच चाचणीतून पुढे जगभर वापरला गेलेला एक नियम हाती आला. आसावरील भार वाढला की रस्त्याची हानी त्या प्रमाणात वाढत नाही. ती साधारणपणे भाराच्या चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट झाला, तर हानी दुप्पट नव्हे, सुमारे सोळा पट होते.

आपल्याकडे रस्त्याच्या आखणीत ८.१६ टनांचा एकेरी आस हे प्रमाण मानले जाते. चार चाकांच्या एकेरी आसावर कायद्याने पूर्वी १०.२ टन भार अनुज्ञेय होता. २०१८ मध्ये ही मर्यादा ११.५ टन करण्यात आली. चौथ्या घाताच्या नियमाने पाहिल्यास, ११.५ टनांचा एक आस प्रमाण आसाच्या जवळजवळ चौपट हानी करतो. कायद्यात बसणाऱ्या गाडीची ही स्थिती, तर मर्यादेबाहेर भरलेल्या गाडीचा विचारच करावयास नको.

म्हणून अमेरिकेतील मिनेसोटासारख्या राज्यांत आणि कॅनडाच्या अनेक प्रांतांत वसंतात काही आठवडे रस्त्यांवर भारमर्यादा लागू करतात. उलट भर हिवाळ्यात, जमीन गोठून कठीण झाली असता, काही ठिकाणी नेहमीपेक्षा अधिक भाराची मुभाही दिली जाते. रस्त्याच्या ताकदीला ऋतू असतो, हे तेथील प्रशासनाने मान्य केले आहे.

सीमाभागातील रस्त्यालाही ऋतू आहे. येथे बर्फ नाही, पण पावसाळा आहे. जून ते सप्टेंबर या काळात जमिनीत पाणी मुरत जाते आणि पावसाळा संपता संपता रस्त्याखालची माती सर्वाधिक ओली व दुबळी असते. भारतीय रस्ते परिषदेच्या मार्गदर्शक सूचनांतही हे गृहीत धरलेले आहे. भरलेल्या मालमोटारीच्या चाकाखाली रस्ता किती दबतो हे बेंकेलमन बीम या साध्या उपकरणाने मोजतात; हे मोजमाप शक्यतो पावसाळा ओसरताच घ्यावे, कारण तेव्हाच रस्त्याची सर्वांत कमजोर अवस्था कळते, असे त्यांत सांगितले आहे. आणि सीमाभागात हाच काळ ऊस वाहतुकीच्या आरंभाचा आहे. रस्ता सर्वांत दुबळा असताना त्यावर वर्षातील सर्वांत जड वाहने येतात. मिनेसोटातील उपाय येथे जसाच्या तसा लागू करता येणार नाही, कारण गाळप लांबविणे शेतकऱ्याला परवडणारे नाही. तेव्हा भार रोखता येत नसेल, तर पाणी रोखणे हाच मार्ग उरतो.

काळी माती का फुगते?

काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाच्या चिकणमातीच्या खनिजाचे प्रमाण मोठे असते. याचे कण अतिशय पातळ पापुद्र्यांचे बनलेले असतात आणि त्या पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरू शकते. पाणी शिरले की पापुद्रे एकमेकांपासून दूर सरतात व माती फुगते. पाणी गेले की ते जवळ येतात व माती आकसते. वैशाखात काळ्या रानात पडणाऱ्या खोल भेगा ही याच क्रियेची खूण होय.

मातीची ही प्रवृत्ती ओळखण्याची एक सोपी चाचणी भारतीय मानकात दिलेली आहे. वाळवून बारीक चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती काचेच्या दोन मोजपात्रांत घ्यावयाची. एका पात्रात शुद्ध पाणी व दुसऱ्यात रॉकेल ओतावयाचे आणि माती खाली बसू द्यावयाची. रॉकेलमध्ये काळी माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन पात्रांतील मातीच्या आकारमानांत जो फरक दिसतो, त्यावरून फुगण्याचे प्रमाण टक्क्यांत काढता येते. हे प्रमाण ५० टक्क्यांच्या वर गेले, तर त्या मातीवर बांधकाम करताना विशेष काळजी घेणे आवश्यक ठरते.

टेबर यांच्या प्रयोगाशी या चाचणीचे साम्य लक्षात येण्याजोगे आहे. दोन्ही ठिकाणी पाण्याच्या जागी दुसरा द्रव घेऊन पाण्याचे नेमके काम काय, हे शोधले आहे. फरक इतकाच की शीत प्रदेशात पाणी गोठणाऱ्या थराकडे ओढले जाते, तर काळ्या मातीत ते खनिजाच्या पापुद्र्यांकडे ओढले जाते. परिणाम मात्र एकच होतो. जमीन पाणी गोळा करते, वर उचलली जाते आणि नंतर ढिली पडते.

फुगण्याबरोबर ताकदही जाते. कोरड्या काळ्या मातीचे ढेकूळ कुदळीने फुटता फुटत नाही. तीच माती प्रयोगशाळेत दाबून, चार दिवस पाण्यात ठेवून तपासली, तर प्रमाण खडीच्या तुलनेत तिची भार पेलण्याची क्षमता पुष्कळदा अवघी दोन-तीन टक्के भरते. उन्हाळ्यात पाहिलेला तळ पावसाळ्यानंतर तोच राहत नाही.

रस्त्याच्या कडेने भेगा का पडतात, याचेही उत्तर यातच आहे. डांबरी थराखाली, रस्त्याच्या मध्यभागी ओलावा वर्षभर फारसा बदलत नाही. कडेची माती मात्र उघडी असते. ती पावसात भिजते व उन्हात वाळते. मधला भाग स्थिर आणि कडा वरखाली होणाऱ्या, अशी स्थिती झाली की दोहोंच्या सीमेवर लांब भेग पडते. पुढील पावसात त्या भेगेतून पाणी थेट आत शिरते आणि मग मधला भागही सुरक्षित राहत नाही. रस्त्यालगत बारमाही पाण्याचे उसाचे शेत असेल आणि पाट भरावाला लागून वाहत असेल, तर त्या बाजूची माती उन्हाळ्यातही ओलीच राहते व रस्त्याच्या दोन कडा दोन प्रकारे वागू लागतात.

मलप्रभेच्या कालव्याने दिलेला धडा

काळ्या मातीवरील उपायांचा एक महत्त्वाचा अध्याय बेळगाव जिल्ह्याशीच निगडित आहे. मलप्रभा नदी खानापूर तालुक्यातील कणकुंबी येथे उगम पावते. पूर्वेकडे सौंदत्ती तालुक्यात नविलुतीर्थ येथे तिच्यावर धरण बांधण्यात आले. या प्रकल्पाच्या कालव्याचा मार्ग काळ्या मातीच्या प्रदेशातून जातो. कालव्याचे पाणी लागताच माती फुगे आणि बाजूचे उतार व अस्तर टिकेनासे होई. हा प्रश्न मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील मृदा अभियांत्रिकीचे प्राध्यापक आर. के. कट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासासाठी घेतला.

प्रा. कट्टी यांच्या संशोधनाचा पाया एका साध्या निरीक्षणावर उभा होता. काळ्या मातीच्या खोल थरात साधारण एक-दीड मीटरच्या खाली गेले की मातीच्या आकारमानात फारसा फरक पडत नाही. वास्तविक एक मीटर मातीचे वजन दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.२ किलोग्रॅम इतकेच भरते, तर फुगणारी काळी माती त्याच्या कितीतरी पट जोर लावू शकते. मग एवढ्याशा वजनाने ती दबून राहते कशी? त्यांचे उत्तर असे होते की वरच्या थराचे केवळ वजन काम करीत नाही. ओल्या मातीच्या कणांमध्ये निर्माण होणारे आसंजन, म्हणजे कणांनी एकमेकांना धरून ठेवण्याचे बल, खालच्या मातीचे फुगणे रोखून धरते.

यावरून पुढची पायरी सुचली. चिकटून राहण्याचा गुण असलेली, पण न फुगणारी माती जर काळ्या मातीवर पुरेशा जाडीने दाबून बसविली, तर खालची माती शांत राहावयास हवी. प्रयोगशाळेत व प्रत्यक्ष जागेवर याची परीक्षा झाली आणि ही पद्धत उपयुक्त ठरली. त्यापूर्वी काळ्या मातीवर वाळूचा थर देण्याची पद्धत रूढ होती. परंतु वाळूच्या कणांत आसंजन नसते, शिवाय ती पाण्याला आत येण्यास वाट देते. म्हणून हा उपाय दीर्घकाळ टिकत नसे. फुगणाऱ्या मातीतील कालव्यांसाठी जे भारतीय मानक पुढे तयार झाले, त्यात न फुगणाऱ्या चिकट मातीच्या थराला स्थान मिळाले. बेळगाव जिल्ह्यातील एका नदीच्या कालव्यावरील अनुभव अशा रीतीने देशभरच्या अभियंत्यांच्या उपयोगी पडला.

रस्त्यासाठी उपाय

कालव्यासाठी जे सिद्ध झाले, ते रस्त्यांनाही लागू पडते. काळ्या मातीवर रस्ता बांधताना ०.६ ते १ मीटर जाडीचा न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर द्यावा, असे भारतीय रस्ते परिषदेच्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. निसर्गाने या जिल्ह्यात रोग आणि औषध जवळजवळच ठेवले आहे. पश्चिमेकडील जांभ्याच्या पट्ट्यात आणि डोंगरउतारांवर तांबडा मुरूम मिळतो. मात्र रंग पाहून मुरूम निवडणे योग्य नव्हे. त्यात पुरेसा चिकटपणा आहे आणि तो फुगत नाही, हे प्रत्येक खाणीच्या नमुन्यावरून तपासूनच ठरविले पाहिजे.

जेथे मुरूम दुरून आणावा लागतो व खर्च परवडत नाही, तेथे चुन्याचा उपाय आहे. काळ्या मातीत वजनाच्या साधारण तीन ते पाच टक्के चुना मिसळून, योग्य ओलावा ठेवून ती दाबली, तर चुन्यातील कॅल्शियममुळे तिचा चिकटपणा व फुगण्याची वृत्ती कमी होते आणि पुढे हळूहळू तिला बळकटी येते. चुना सर्वत्र सारखा मिसळला जाणे व नंतर काही दिवस ओलावा टिकविणे या दोन गोष्टींवर यश अवलंबून असते. चुन्याच्या जोडीला उसाच्या चिपाडांची राख वापरण्याविषयी देशातील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रयोग झालेले आहेत. संकेश्वर, निपाणी, चिकोडी या परिसरात साखर कारखाने असल्याने हा विषय येथे विशेष अभ्यासण्याजोगा आहे.

परंतु सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय म्हणजे पाण्याचा निचरा. रस्त्याला मध्यापासून कडेपर्यंत योग्य ढाळ असणे, साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच न होणे, दोन्ही बाजूंची गटारे वाहती असणे आणि मोऱ्यांची तोंडे गाळाने न बुजणे, या चार गोष्टी पाळल्या गेल्या तर रस्त्याचे आयुष्य निश्चित वाढते. शीत प्रदेशांतील अभियंतेही अखेर याच निष्कर्षाला आले आहेत. गोठण्यास थंडी लागते, पाणी खेचणारी माती लागते आणि पाणी लागते. यांपैकी थंडी माणसाच्या हाती नाही. माती काही अंशी बदलता येते. पाणी मात्र दूर ठेवता येते.

एका बाबतीत मात्र दोन्ही प्रदेशांचे मार्ग वेगळे आहेत. डांबराची निवड हवामानाप्रमाणे करावी लागते. फार थंड प्रदेशात कठीण डांबर ठिसूळ होऊन तडकते, म्हणून हिमालयातील रस्त्यांवर व्हीजी १० या प्रतीचे मऊ डांबर वापरतात. मैदानी भागात व्हीजी ३०, तर उष्ण हवेत अवजड वाहतुकीच्या रस्त्यांवर व्हीजी ४० वापरतात. एका प्रदेशातील पद्धत दुसऱ्या प्रदेशात डोळे मिटून उचलता येत नाही. उचलावयाची असते ती विचाराची रीत.

महापुरानंतरचा रस्ता

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मधील महापुरांत निपाणीजवळ यमगर्णी येथे वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले आणि पुणे-बंगळूरु वाहतूक थांबवावी लागली. पाणी ओसरल्यावर रस्ता वरून धडधाकट दिसतो आणि वाहतूक केव्हा सुरू होते याकडे सर्वांचे लक्ष लागलेले असते. अशा रस्त्याच्या आतील स्थितीविषयी अमेरिकेतील लुईझियाना राज्यात अभ्यास झाला आहे. २००५ च्या कॅटरिना वादळात न्यू ऑर्लिन्स परिसरातील अनेक रस्ते पाण्याखाली गेले होते. तेथील वाहतूक संशोधन केंद्राने बुडालेल्या व न बुडालेल्या रस्त्यांची तुलना केली. बुडालेल्या डांबरी रस्त्यांची झालेली हानी सुमारे दोन इंच डांबरी काँक्रीटचा थर गमावल्याइतकी होती, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत म्हटले आहे. डोळ्यांना न दिसणारे हे नुकसान होय. जेथे दुसरा मार्ग उपलब्ध असेल, तेथे पुरातून बाहेर आलेल्या काळ्या मातीवरील रस्त्यांना जड वाहनांपासून काही दिवस विश्रांती देणे म्हणूनच हिताचे ठरते.

विद्यापीठांची भूमिका

रस्ते आणि विद्यापीठे यांचा संबंध आपल्याकडे जुना आहे. १९२७ साली नेमलेल्या रस्ते विकास समितीचे अध्यक्ष मुकुंदराव जयकर होते. या समितीच्या शिफारशींमुळे रस्त्यांसाठी केंद्रीय निधी निर्माण झाला आणि १९३४ मध्ये भारतीय रस्ते परिषद अस्तित्वात आली. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. बेळगावातील तांत्रिक विद्यापीठ १९९८ मध्ये ज्यांच्या नावाने स्थापन झाले, त्या सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यात घेतले व आपल्या सेवेचा आरंभ मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात केला.

या परंपरेला साजेसे एक काम सीमाभागातील अभियांत्रिकी महाविद्यालयांना सहज हाती घेता येईल. मिनेसोटा राज्याच्या परिवहन विभागाने १९९४ मध्ये एक चाचणी-मार्ग सुरू केला. त्याच्या निरनिराळ्या थरांत उष्णता, ओलावा व ताण मोजणारी उपकरणे पुरलेली आहेत आणि तेथील विद्यापीठाच्या संशोधकांनाही त्यांच्या नोंदींचा उपयोग झालेला आहे. एवढा मोठा खर्च येथे आवश्यक नाही. काळ्या मातीवरील दोन-चार ग्रामीण रस्ते निवडून त्यांच्या मध्यभागी व कडेला दरमहा ओलावा मोजणे, पावसाळा संपताच रस्त्याचे दबणे नोंदविणे आणि उसाच्या हंगामात कोणत्या भाराच्या किती गाड्या जातात हे मोजणे, इतके विद्यार्थ्यांच्या मदतीने होऊ शकते. तीन-चार वर्षांच्या अशा नोंदींतून आपल्या मातीचा दुबळा महिना नेमका कोणता, हे आकड्यांनी सिद्ध होईल. दुरुस्तीचा निधी कोणत्या रस्त्यावर आणि केव्हा खर्च करावा, हे ठरविण्यास त्याचा थेट उपयोग होईल.

गावाचा वाटा

रस्ता बांधणे हे शासनाचे काम असले, तरी तो कोरडा ठेवण्यात गावाचा मोठा वाटा आहे. शेतात जाण्यासाठी गटारावर माती टाकून केलेली वाट पाण्याचा प्रवाह अडविते. अशा ठिकाणी नळाची मोरी घालणे आवश्यक आहे. पाटाचे पाणी रस्त्याच्या भरावाला लागून खेळविणे, साइडपट्टी नांगरून शेतात घेणे आणि मोरीत पालापाचोळा टाकणे, या गोष्टी त्या क्षणी क्षुल्लक वाटतात. त्यांची किंमत दिवाळीनंतर चुकवावी लागते. मृगापूर्वी शेतकरी ज्या तत्परतेने बांध दुरुस्त करतो, त्याच तत्परतेने ग्रामपंचायतीने गटारे व मोऱ्या साफ करवून घेतल्या, तर मोठा खर्च न करता पुष्कळ रस्ते वाचतील.

बर्फाच्या प्रदेशातील प्राध्यापकाने गोठलेल्या मातीत जे पाहिले, तेच मलप्रभेच्या काठी काळ्या मातीत वेगळ्या रूपाने दिसून आले. रस्ता वरून तुटताना दिसतो, पण त्याची मोडतोड खालून सुरू होते आणि ती सुरू करणारे पाणी असते. हे ओळखून माती आधी तपासली, तिच्यावर योग्य थर दिला आणि पाण्याला वेळीच वाट करून दिली, तर निपाणीची तंबाखू व हुक्केरीचा ऊस वेळेवर पोहोचविणारा रस्ता काळ्या मातीवरही अनेक पावसाळे टिकेल.